पाव किलोचे तेरा

जहाजावरून परतला तेव्हा शांतवनच्या बॅगेत
दोन पांढरे अ‍ॅप्रन होते, एक टोपी,
आणि हातावर भाजल्याचे सात डाग, मनगटापासून कोपरापर्यंत.
पुढचं जहाज फेब्रुवारीत, एजंट म्हणतो.
गेल्या फेब्रुवारीतही एजंट हेच म्हणाला होता.

आज सत्तावीस तारीख.
चहाच्या डब्यामागच्या डब्यात दोनशे दहा रुपये,
आणि ग्लोरीला हवी स्पॅगेटी,
मामा तिकडे करायचा तशी, गोळ्यांची.

कॅनडा कॉर्नरच्या दुकानात पाकीट बघून आलो.
तीनशे वीस.
"आत गहूच आहे गं ताई," म्हणत त्याने ते परत ठेवलं,
लेबल पुढे करून, नोकरीतल्या सवयीने.

मग माळ्यावरून आईचा पितळी सोऱ्या निघाला,
चकतीला अजून नाताळच्या शेवेचा वास.
कणीक, अंडं, मीठ, पाण्याचा नुसता हात.
पीठ इतकं घट्ट
की मी दांडा फिरवायचा
आणि त्याने सोऱ्याला मिठी मारून बसायचं.
खुर्च्यांच्या पाठींवर, उघड्या छत्रीच्या काड्यांवर,
नानांच्या वॉकरवरसुद्धा
लोंबत राहिली ती, तांबूस, जराशी वाकडी.
शरणपूरच्या थंडीत वाळता वाळेना.
समोरच्या गॅलरीतून साळवेबाई:
"शेवया? जानेवारीत?"
"इटलीच्या आहेत!" नाना ओरडले.
त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते बिल्डिंगभर कळलं.

खिमा पाव किलो, कोंबडीचा, ऐंशी रुपये.
त्यात कालचे दोन पाव, दुधात भिजवून पिळलेले,
आणि किसलेला कांदा, तो काय पोत्यात आहेच.
"पावाने फुगवतोयस," मी म्हणाले.
"तिथेही पावच घालतात.
फक्त मेनूवर लिहीत नाहीत."

टोमॅटो पंचवटीतले, बाजार उठताना घेतलेले,
वीस रुपयांत पिशवीभर, मऊ पडलेले.
रश्शाला मऊच बरे.
लाल वाइन लागते म्हणाला.
या गावात वाइनला तोटा नाही,
पण एका बाटलीत आपला आठवडा निघतो.
म्हणून मूठभर मनुका भिजवून कुस्करल्या, चमचाभर व्हिनेगर,
आणि त्याच्या त्या विलायती पाल्याऐवजी
कुंडीतल्या ओव्याची चार पानं.
दहा रुपयांची चीजवडी किसताना
वडीपेक्षा बोटंच जास्त किसली.
चौपन्न रुपये परत डब्यात गेले.

तेरा गोळे झाले, माणसं चार.
त्याने मोजले नाहीत, नुसतं बघून "तेरा" म्हणाला.
तिथे दिवसाला दोन हजार वळायचा,
सगळे एका वजनाचे, तराजू शेजारी ठेवून.

ग्लोरी काट्याला गुंडाळायला शिकली,
मग काटा ठेवून हातानेच जेवली.
नाना म्हणाले, "कोफ्त्याचा रस्सा, त्यात कुरडई. छान आहे.
भाकरी आहे का?"

शांतवन उभाच. ओट्याला टेकून, खांद्यावर फडकं,
आमच्या ताटांकडे बघत.
बस ना, मी म्हणाले.
हो हो म्हणाला, बसला नाही.
"कसं लागतंय?"
"तुला माहीत नाही होय?"

चौदा महिने, तो म्हणाला, एकदाही नाही.
चव हेडकुक बघायचा.
आम्हाला खालच्या मजल्यावर डाळभात.

मी चौथं ताट वाढलं. तीन, आणि वरचा एक.
त्याने पायाने स्टूल ओढलं,
फडकं खांद्यावरून काढायचं विसरून जेवला.
शेवटच्या घासाला एवढंच म्हणाला,
मीठ कमी झालंय.
आणि झालं होतंच.

सकाळी चकतीत पीठ वाळून बसलेलं.
सुई घेऊन मी एकेक भोक मोकळं करते आहे,
बारीक, कडक तुकडे पडतायत ओट्यावर.
तो अजून झोपलाय.
फोन उशाशी, उलटा.