सौंदड

ब्रोशरमध्ये जंगल होतं.
सहाव्या पानावर एक हरीणसुद्धा,
आणि त्याच्या खुरांखाली बारीक अक्षरांत:
चित्र केवळ कल्पनेसाठी.

हेमांगीने नेमकं तेवढंच मोठ्याने वाचलं.
जुमाना हसली. खजुरांची ताटली पुढे सरकवत म्हणाली,
हरणाचं सोडा. झाडं मात्र खरी आहेत,
हवी तर मोजून घ्या.

आम्ही खरंच मोजली.
कडुनिंब एकवीस, गुलमोहर नऊ,
बाकीची, नावं न येणारी,
आणि प्रत्येकाच्या बुंध्याशी एक काळी नळी,
आजारी माणसाच्या उशाशी असते तशी.

शारजाच्या टोकाला, एमिरेट्स रोड ओलांडून,
जिथे कालपर्यंत उंटांची वाट होती म्हणे,
तिथे आता दोन बेडरूम, जिना, रुमालाएवढं अंगण
आणि दर वर्षी चौरस फुटावर लागणारं
सावलीचं बिल.

एका झाडाने मात्र घोळ केला.
ते आमच्या आधीपासून उभं, बिल्डरच्याही आधीपासून,
वाकडं, काटेरी, धूळ पांघरलेलं,
बुंध्यावर पत्र्याचा बिल्ला: ११४.
तोडायला सरकारी बंदी. म्हणून भिंतच
त्याला वळसा घालून गेली होती
आणि आमचं अंगण त्या कोपऱ्यात
कुणीतरी चावा घेतल्यासारखं.

हेमांगीने तिथेच पाय रोवले.
बार्शीच्या बाजारात पाडतात तसा भाव पाडला,
त्या झाडापायी आठ हजार दिरहॅम कमी करून घेतले.
परतताना गाडीत ती गुणगुणत होती.

आता मी पाच दहाला निघतो, साडेसहाला जेबेल अली.
जाताना सूर्य पाठीमागून उगवतो,
येताना पाठीमागेच मावळतो.
डोळ्यांवर ऊन येत नाही, हा एक फायदा
ब्रोशरमध्ये छापायचा राहिला.
बाकी मग ट्रकांचे लाल दिवे,
आणि हप्ते. चौऱ्याऐंशीपैकी सतरा झाले.

शफीकुल माझ्याही आधी येतो, सजाच्या कॅम्पवरून, बसने.
टॉर्च दातांत धरून नळ्या तपासतो.
एका सुट्टीच्या दिवशी मी विचारलं,
या एकशे चौदाला नळी कशी नाही?
याला मी काय पाजणार साहेब, तो म्हणाला,
हा पितो ते पाणी आमच्या गावच्या विहिरीलासुद्धा
लागलं नसतं.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी हेमांगी
कचरा टाकायला गेली ती बराच वेळ आली नाही.
आली तेव्हा हातात डहाळी होती,
चिमुकली पानं, बोटाला रक्ताचा ठिपका.
अरे, ही सौंदड आहे.
शमी रे. आमच्या मारुतीच्या देवळामागे होती,
दसऱ्याला तिच्या बुंध्याशी अंगारा लावायला रांग असायची.
आणि एकदम गप्प झाली.
मला कळलं, ती मनात
आठ हजार मोजत होती.

पांडवांनी शस्त्रं ठेवली होती शमीवर,
एकाच वर्षासाठी.
आम्हाला इथे एकोणीस झाली,
आणि शोधायला कुणी आलंही नाही.

शस्त्रं म्हणावं असं आमच्याकडे काय?
दसऱ्याला तिने घराची जास्तीची चावी
ब्लाउजपीसच्या तुकड्यात गुंडाळली
आणि दोन फांद्यांच्या बेचक्यात ठेवली.
कधी दार लागून गेलं तर असावी, म्हणाली,
माझ्याकडे न बघता.

चार दिवसांनी पाहिलं, तर चावी तिथे नव्हती.
एक फांदी वर होती, पानांच्या आड,
गाठ नवी, आमच्यापेक्षा घट्ट.
शफीकुल पलीकडे गुलमोहराची नळी
सरळ करत होता.
त्याने वर पाहिलं नाही.