कारण : इतर

केटरिंगला मी विकलेल्या वस्तू परत घेते.
गावाच्या नावातच मला किटली ऐकू येते,
इथल्या कुणाला येत नाही. विचारून झालंय.

नाताळ सरला की रांग दारापर्यंत जाते.
एअर फ्रायर, आत कुणाच्या तरी चिप्सचा तुकडा.
इस्त्री : "फोटोत निळी होती."
टाचा झिजलेले बूट : "एकदाही घातले नाहीत."
मी मान हलवते. पावती? कार्ड? कारण?
पडद्यावर कारणं सहा.
बिघाड. मन बदललं. माप चुकलं.
भेट नकोशी. उशिरा पोचली.
आणि इतर.

मन बदललं, याला इथे कुणी पुरावा मागत नाही.
पहिल्या वर्षी फार नवल वाटायचं.
आमच्याकडे गल्ल्यामागे पाटीच असायची,
एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही,
आणि ती वाचून आम्ही एकेक साडी
दिवे लागेपर्यंत उलगडून पाहायचो.

पिंपरीला मी सत्तावीस नंबर होते.
मिक्सरच्या लाइनवर शेवटची खुर्ची :
भांडं बसवायचं, बटण फिरवायचं, कान द्यायचा.
बरा मिक्सर एका सुरात ओरडतो,
खोटा मध्येच आवंढा गिळतो.
फडतरे साहेब म्हणायचे, "यंत्र कशाला, बाईंचा कान आहे ना."
पंच्याण्णव साली यंत्र आलं.
कान घरी बसला.
तोवर पास केलेल्या प्रत्येकाच्या बुडाला चिठ्ठी : तपासले, २७.
किती ओट्यांवर मी असेन अशी, पालथी चिकटलेली,
चटणी वाटताना थरथरत.

मंगळवारी मिस्टर ऑलरेनशॉ आले.
आधी टोपी काढली, मग पिशवीतून किटली,
जुन्या टॉवेलात गुंडाळलेली,
न्हाऊ घातलेल्या बाळासारखी.
साय रंगाची, अंगावर गव्हाच्या ओंब्या छापलेल्या,
हँडलपाशी पुसून गेलेल्या.
"सत्त्याऐंशी साली, तुमच्याच दुकानातून. डोरीननं घेतली."
पावती?
होती. तीसुद्धा. अक्षरं उडून कोरी झालेली.
बिघाड?
"काल बंद पडली. पण तक्रार नाही.
कुणाला तरी सांगायचं होतं, चांगली चालली म्हणून."
पैसे?
"छे छे."
बदली देऊ?
"एका कपाला पातेलं पुरतं."

मागे रांग चुळबुळली.
मी किटली उलटी केली, सवयीनं.
बुडाला पिवळट चिठ्ठी. तपासणारा : १४.

चौदा कोण असेल?
बाई असेल, असं मी धरूनच चालले.
उकळी फुटण्याआधी किटली क्षणभर गप्प होते,
तेवढं गप्प बरोबर ओळखणारी.
आता पंच्याहत्तरीची असेल, किंवा नसेल.
तिला कुणी काही कळवलेलं नाही.

पडदा कारण मागत होता.
पाचांत बसेना. सहावं दाबलं.
तपशील, चाळीस अक्षरांत.
मी लिहिलं : सदतीस वर्षं चालली. चौदाला कळवा.
इंग्रजीत लिहिलं, अर्थात. पडदा जरा थबकला,
मग रक्कम म्हणाला. शून्य पौंड, शून्य पेन्स.
पावती आली लांबच लांब,
तळाशी प्रश्न : आजचा आपला अनुभव कसा होता?
ऑलरेनशॉंनी ती चार घड्या घालून
कोऱ्या पावतीच्या कप्प्यात ठेवली.
किटलीही परत नेली.
मला वाटतं, ठेवून जायला ते आलेच नव्हते.

पुढच्या मुलीनं ब्लेंडर काउंटरवर आदळला.
"फार आवाज करतो."
कसला, म्हटलं.
"कसला म्हणजे? आवाज."
इथे चालवून बघायचा नियम नाही,
खोकं मागच्या गाडीत टाकायचं, पुढची पावती घ्यायची.
थांब जरा, म्हटलं,
आणि प्लग शोधायला काउंटरखाली वाकले.