बारा बाय नऊ

सहकारनगरात, आमच्या अंगणात,
सीताफळ आणि धुण्याचा दगड यांच्या मध्ये
एक टक्कल होतं. बारा बाय नऊ.
केना नाही, आघाडा नाही,
गाजरगवतसुद्धा तिथून तोंड फिरवून जायचं.

ते मीच केलेलं.
दोन उन्हाळ्यांपूर्वी पाणाड्या आणला,
त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला,
आणि मी, तेहतीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढलेला माणूस,
त्या नारळावर विसंबलो.
नलिनी एवढंच म्हणाली, "तिथं माझी शेवंती आहे."

नामक्कलची गाडी रात्री आली,
पहाटेपर्यंत खडक भरडत राहिली.
शंभर फूट. काळा पत्थर.
दोनशे. काळा पत्थर. ओल लागतीय बहुतेक, म्हणे.
दोनशे ऐंशी. धूळ.
करडी भुकटी शेवंतीवर बसली,
पावसात तिचा गिलावा झाला, उन्हात सिमेंट.
पाइपाच्या तोंडावर मी एक फरशी ठेवली.
वाळत घालायचे कपडे घेऊन नलिनी
तेवढ्यासाठी सीताफळाला वळसा घालून जायची.

आता आश्विन. ऊन मानेवर बसलेलं.
मांजरीहून टेम्पोतून गवत आलं,
ओल्या गोणपाटात सतरंज्यांसारख्या सुरळ्या,
तांबडी माती चिकटलेली, मुळं छाटलेली.
मी हात घातला तर आतून गरम.
गुंडाळून ठेवलं की गवत तापतं,
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

सोबतचे यमाजी लोंढे म्हणाले,
"आधी ही राख उकरा, साहेब.
गवताला नारळ दाखवून भागत नाही."
(चहा देताना हिनं सगळं सांगितलेलं दिसतं.)

वीतभर उकरली. पहार, टिकाव, मग खुरपं.
शेणखत, पोयटा, थोडी वाळू.
मी लेव्हलची नळी लावून बघितलं,
यमाजींनी अनवाणी चालून बघितलं
आणि म्हणाले, "इकडं दोन बोटं खोल आहे."
नळीही तेच म्हणत होती, जरा उशिरा.

मग तुकड्याला तुकडा भिडवत गेलो.
शिवणीसमोर शिवण येऊ द्यायची नाही,
विटांसारखी अर्ध्यावर सरकवायची.
कडा दाबताना माझा अंगठा प्रत्येक वेळी घसरे.
"अहो, असं नाही,"
नलिनी पायरी उतरून आली, पदर खोचला,
फरशीला गुडघा टेकून बसली
आणि करंजीला मुरड घालावी तशी
कड दाबत, चिमटत निघाली.
मी काही बोललो नाही. बोललो असतो तर उठली असती.

संध्याकाळी कुंपणावरून शेजारची रेवती:
"काका, उरलंय का? किल्ल्याला हवंय.
आमची मोहरी उगवलीच नाही."
हातभर तुकडा दिला. चप्पल काढून,
ताट धरावं तसा धरून ती घेऊन गेली.

पंधरा दिवस दोन वेळा पाणी, यमाजींनी बजावलं होतं.
गुरुवारी नळ बंद.
दुपारी बारीक पात्या दोऱ्यासारख्या वळायला लागल्या.
मी टाकीत डोकावून आलो. दोनदा.
तेवढ्यात मोरीतून बादली सरकवत ती आली,
तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी, पांढुरकं, वर मेथीचं एक पान.
"घ्या," म्हणाली, "तुमच्या बोअरचं पाणी."

आणि हसली. दोन वर्षांनी
त्या विषयावर कुणीतरी हसलं.

अकराव्या दिवशी एक कोपरा हळूच उचलून बघितला.
उचलला गेला नाही.
खालून कुणीतरी धरलं होतं.

फरशीजवळचा एक तुकडा मात्र पिवळा पडलाय,
तो जाणार बहुतेक.
आणि रेवतीच्या किल्ल्यावर, बालेकिल्ल्याच्या उतारावर,
तेच गवत आमच्यापेक्षा दाट आलंय,
त्यात प्लॅस्टिकचे मावळे पोटरीपर्यंत बुडालेत.
नलिनी रोज सकाळी
मला कुंपणाशी नेऊन ते दाखवते.