खारा किडा

द्वारकेला पहाटे साडेचारला
सातपाटीचा मासळीचा टेम्पो थांबतो.
ड्रायव्हरनं पापलेटच्या क्रेटमागून
द्राक्षांची एक पेटी काढून दिली,
भोकं पाडलेली, सुतळीनं बांधलेली,
वर मेव्हण्याचं अक्षर:
फ्रीजमध्ये. पाणी नको.

आत ओलं वर्तमानपत्र, त्यात शेवाळ,
त्यात खाडीच्या चिखलातून उपसलेले
पन्नासएक किडे,
तांबूस हिरवे, दोन्ही कडांना केसांसारखे पाय,
सगळे जिवंत.

जयवंतीनं झाकण उघडलं
आणि ओट्याशी तशीच उभी राहिली.
बत्तीस वर्षं झाली तिला कसारा चढून वर येऊन.
म्हणाली, "ओहोटीचा वास आहे."
मग पेटी कोथिंबिरीशेजारी सरकवली.

मला एवढंच ठाऊक होतं, की
सातपूरला आठवडाभर लेथपाशी उभं राहिल्यावर
रविवारी एखादी मोठी वाम लागावीशी वाटते,
आणि गंगापूर धरणातल्या माशांना
आमची कणीक आता पाठ झालीय.
गांडूळही. कोंबडीचं काळीजही.

गंगावऱ्ह्याच्या काठावर खंडू बेंडकोळी
पेटीत डोकावून हसला.
"समुद्राचा किडा?
ह्यांनी समुद्र कुठं बघितलाय?"

हातात घेतला की किडा तोंड बाहेर फेकतो,
दोन काळे सुळे. बोटाला डसतो.
रक्त येत नाही, राग कळतो.
गळ तोंडातून घालायचा, जरा खाली काढायचा,
शेपूट मोकळी सोडायची वळवळायला.
हे हिराजीनं फोनवर शिकवलं होतं.
गोडं पाणी त्याला सोसत नाही,
हे नव्हतं सांगितलं.

दहा मिनिटं.
ओढून बघावं तर फुगलेला, पांढुरका,
बाहीतून निघालेल्या दोऱ्यासारखा.
त्याच्यातलं मीठ धरणात गेलेलं,
एवढ्या पाण्यात चिमूटभर.

गोदावरीचं असं आहे,
ब्रह्मगिरीवरून निघते तेव्हा पश्चिमेचा समुद्र
टेम्पोला एका रात्रीचा असतो.
ती त्याच्याकडे पाठ करते
आणि नऊशे मैल उन्हातून चालत
दुसऱ्याच समुद्राला जाते.

खंडू म्हणाला, धरण नव्हतं तेव्हा
त्याच्या आज्याला अहीर सापडायची,
मनगटाएवढी जाड, काळपट.
"खालच्या समुद्रातून यायची ती, बोटभर असताना.
म्हातारी झाली की परत जायची."
"आणि आता?"
त्यानं हनुवटीनं धरणाची भिंत दाखवली.

सात किडे फुकट गेले.
आठव्याला दोरी हलली.
झडप नव्हती, ओढही नव्हती धड.
तोंडात काही धरून
कुणी आठवत बसावं, तसं.
मी रीळ फिरवलं नाही. का, ते विचारू नका.
खंडूनं बिडी दगडावर विझवली.
दोरी वीतभर गेली, थांबली,
भिंतीच्या दिशेनं आणखी थोडी गेली,
मग सैल.
गळ वर आला तो रिकामा.

"वामच असणार," मी म्हणालो.
"वामच," खंडू म्हणाला.
पण निघताना त्यानं चार किडे मागून घेतले,
पळसाच्या पानात,
आणि गळ काही मागितला नाही.

रात्री जेवणं झाली, भांडी झाली,
स्वयंपाकघरात फ्रीजचा उजेड दिसला.
जयवंती खडेमिठाचं पाणी
बोटांनी कागदावर शिंपडत होती,
इस्त्रीच्या कपड्यांवर शिंपडतात तसं.
"पुढच्या रविवारपर्यंत टिकतील," म्हणाली.
मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून
बोटांच्या पेरांवर काही मोजलं.
"चतुर्दशी. चौदाचे पाऊणपट.
साडेदहाला भरती पूर्ण."

बत्तीस वर्षांत हा हिशेब
तिनं माझ्यासमोर केला नव्हता.

दहा वाजून वीस झाले होते.
फ्रीजचं दार उघडंच होतं.
मी लावून घे म्हणालो नाही.