चौथा रकाना

नवा नियम आला तेव्हा बायको म्हणाली,
आता नाकांचीही शिरगणती.
साखर पेठेतलं दुकान माझं, आठ बाय बारा,
त्यात फ्रीज, बाकडं, सासऱ्यांचा फोटो,
आणि आता ही वही, लाल कापडी पाठीची.
नाव, पत्ता, ओळखपत्र, कारण, अंगठा.
माणशी एक पट्टी. महिन्यात दोन. बास.

गोळीच्या पोटात म्हणे दुसरंच काही असतं.
ते काढून घेणारे लोक असतात,
आणि ते घेऊन आठ-आठ रात्री
झोपच विसरणारी पोरं.
मी तीस वर्षं विकली ही गोळी
झोप लागावी म्हणून.

चौथा रकाना भरताना सुरुवातीला गंमत वाटायची.
बिराजदार मास्तर म्हणाले, नेगडी.
नल्लामंदूंचा यासीन म्हणाला, जुकाम.
अंबादास येमूल मागावरून थेट आला, भुवयांवर सूत :
सर्दी कसली हो, आत अर्धी चादर विणून झालीय.
मी सगळ्यांपुढे लिहिलं, सर्दी.
रकाना अडीच बोटांचा.

नरसूबाई म्हणाली, जलुबू.
यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा.
पदराला पुसून पुन्हा. लाल.
उजेडात धरून पाहिला मी तो अंगठा :
दिवसाला हजार विड्या, चाळीस वर्षं,
तेंदूच्या पानानं
रेघ न रेघ घासून नेलेली.
ती शिंकली. मग पुन्हा.
तिसऱ्यांदा काउंटर धरून.
शिंकेला रकाना नव्हता.

मी पट्टी दिली आणि नाव माझं लिहिलं.

त्याच संध्याकाळी एक पोरगा आला.
इस्त्रीचा शर्ट, कोरडं नाक.
ओळखपत्र पुढे, अंगठा पुढे, हिरवा दिवा.
मी विचारायच्या आधीच म्हणाला, सर्दी.
चार दिवसांनी दुसरा, दुसऱ्या पत्त्याचा,
तशाच इस्त्रीचा.
मग तिसरा. कागद चोख.
एकालाही रुमाल लागत नव्हता.
दिली मी. नाही का म्हणालो नाही,
ते लिहायलाही जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगतो.

एप्रिलात साहेब आले तपासणीला.
रस्त्याचं डांबर चपलेला येत होतं.
पंख्याखाली बसून ताक प्यायले,
आणि बोट ओळीओळीनं उतरवत नेलं.
त्या पोरांपाशी थांबले :
ही बघा, अशी नोंद पाहिजे. स्वच्छ.
मग माझ्या नावावर बोट टेकलं.
दोन महिन्यांत पाच पट्ट्या?
तुम्हाला फारच सर्दी होते हो.

मी म्हणालो, होते.
ते हसले नाहीत. लाल पेनानं गोल केला.

दुसऱ्या दिवशी नरसूबाई आली,
काही घ्यायला नाही.
कुणीतरी सांगितलं असावं तिला.
कमरेच्या पिशवीतून तंबाखूच्या वासाच्या
पाच रिकाम्या पट्ट्या काढून काउंटरवर मांडल्या,
एकीशेजारी एक, विड्यांचे कट्टे मोजून द्यावेत तशा.
खड्डा न खड्डा फुटलेला.
मोजा, म्हणाली,
एक पण दुसऱ्याला दिली नाय.

मी मोजल्या.
तिच्यासमोर, मोठ्यानं, पन्नासपर्यंत.
आणि ठेवल्या वहीत, लाल गोलाच्या पानावर.
तेव्हापासून ती वही
नीट मिटत नाही.