चार टक्के

एकतीस वर्षं वायरमन होते अण्णा, फैजपूरला.
आता घरातला बोर्ड कुठल्या भिंतीला आहे
ते आठवत नाही त्यांना,
पण रात्री अडीचला चपला शोधतात:
"मले फ्यूज टाकाले जायचं हाये."

मी भुसावळला, रेल्वेच्या दवाखान्यात, नाइटला.
माझा फोन एप्रनमध्ये.
त्यांचा, बंडीच्या आतल्या खिशात.
आई रोज सांजेला खिसा उसवते,
लाइट असली तर चार्जिंगला लावते,
पुन्हा तोंड शिवून टाकते.
मनगटावर नाडी मोजणारा पट्टा आहे.
अण्णा त्याला घड्याळ समजतात
आणि म्हणतात, फार पुढे चालतं.

ॲप बनवलं हर्षल वारकेनं, जळगावला शिकतो तो.
म्हणाला, "ताई, दर मिनिटाला 'कुठे आहात' विचारलं
तर फोन दुपारीच मरतो.
माणूस बसला की आपण झोपायचं.
पाऊल पडलं, की जागं व्हायचं."
मी म्हटलं, आई हेच करत आली की रे,
चार्जरशिवाय.

परवा, सव्वातीन.
आमोद्याच्या रस्त्याला, केळीच्या बागांत
निळा ठिपका.
नाडी शहात्तर. बॅटरी चार टक्के.
साडेतीन. ठिपका तिथेच.
म्हणजे बसलेत.
किंवा

लोखंडे सिस्टरला वॉर्ड सांगितला,
वॉर्डबॉयची मोटरसायकल घेतली.
तापीचा पूल, पाडळसे, बामणोद,
कुठलं गाव कधी गेलं कळलं नाही.
फोन लावला नाही मी त्यांना.
एका रिंगला एक टक्का जाईल असं वाटत राहिलं,
जशी लहानपणी आई
कंदिलाची वात खाली करताना श्वास धरायची.

डीपीच्या कुंपणाला पाठ टेकून बसले होते.
पाय चिखलात, पाटाचं पाणी सुटलेलं.
मांडीवर टॉर्च पेटलेला,
त्याचा पिवळा गोल एका केळीच्या घडावर,
जणू तेवढंच कनेक्शन राहिलंय.

मला ओळखलं नाही.
पांढऱ्या एप्रनकडे बघून उभं राहायला लागले.
"साहेब, लाइन आली का?"
तोंडातून निघून गेलं, "आली."
"मंग हे फुकट कायले जाळू राह्यलो मी?"
म्हणाले, आणि टॉर्च बंद केला.

काळोखात त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला.
एक पाऊल. दुसरं.
माझ्या खिशात काहीतरी थरथरलं:
तीन टक्के.