खाली ठेव

हब्तोम आला त्या दिवशी मीच शिकवला त्याला हा शब्द.
दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, दारात उभा,
कुठे ठेवू, एवढं विचारायलाही भाषा नाही.
पुट डाउन, मी म्हटलं, आणि बोटाने जमीन दाखवली.
थेंबही न सांडता ठेवल्या त्याने.
मग खिशातली वही काढून
तिवयांसारख्या दिसणाऱ्या त्याच्या अक्षरांत
काहीतरी लिहून घेतलं.

चौऱ्याहत्तर वर्षं बोलतेय मी ही भाषा.
उलटी करून तळ कधी पाहिला नव्हता.

लोकर कातरायच्या शर्यतीत
तुझं नाव पुट डाउन करते, म्हटलं,
तर दचकला. माझं नाव? जमिनीवर?
कागदावर रे, बाबा.

पुढे केंडलच्या बाजारात स्टॅनली कॉकबेन
त्याच्या टोपीला, त्याच्या शिट्टीला
नावं ठेवत सुटला सगळ्यांदेखत.
मी म्हटलं, लक्ष देऊ नकोस,
माणसांना पुट डाउन करायची खोडच आहे मेल्याला.
हब्तोमने जरा विचार केला.
म्हणाला, हं. म्हणजे या खेपेला जमिनीवरच.

(गुडघे ठणकले की मी खापर फोडते हवेवर.
तेही पुट डाउन.
हे मात्र त्याला अजून सांगितलेलं नाही.)

फेब्रुवारीत मेगचे मागचे पाय गेले.
चौदा वर्षं मेंढ्या वळल्या तिने या डोंगरावर.
वरच्या कुरणातून हब्तोमने तिला उचलून आणलं,
दीड मैल, गोठलेल्या चिखलातून,
आणि स्वयंपाकघरात तसाच उभा राहिला, तिला छातीशी धरून.
मिस लोथर आली. हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
हिला पुट डाउन करावं लागेल.

सांगितलं की करायचं, हा हब्तोमचा स्वभाव.
पायानेच गोणपाट ओढलं त्याने चुलीजवळ,
गुडघ्यांवर बसला,
आणि ठेवलं तिला.
आधी पाय, मग कूस, डोकं सगळ्यांत शेवटी,
तळव्यावरून हळूच सरकवत,
झोपलेलं मूल पाळण्यात ठेवल्यावर
हात काढून घ्यायला आई धजत नाही, तसं.
(त्यालाही आमच्यात शब्द हाच.)

मग मान वर करून पाहिलं आमच्याकडे,
बादल्या ठेवून पाहिलं होतं तसंच.
ठेवलं. आता?

मिस लोथर बॅगेच्या चेनशी चाळा करत राहिली.
मला खोकला आला, नसलेला.
मेगने त्याचं मनगट चाटलं.
सुई दिसली तेव्हा कळलं त्याला.
सव्वाचारला मेगने देह ठेवला.

रात्री वही टेबलावर उघडी होती.
त्या शब्दापुढची जागा कधीच संपलेली,
आता समासातही मजकूर.
एडना, त्याने विचारलं, तुमच्याकडे शब्द कमी आहेत का?

मी म्हटलं, ते पेन खाली ठेव. सूप निवतंय.

डाव्या हाताने खाल्लं त्याने.
पेन उजव्या हातातच होतं.